वर्गणी थांबली, तर पुस्तक कोणाचे?

कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन चार-सहा जणांनी एक कथा खेळायची, एकाने सूत्रधार व्हायचे आणि बाकीच्यांनी एकेक पात्र सांभाळायचे, अशा टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांविषयी विदर्भातील तालुक्यांतून आमच्याकडे पत्रे येत असतात. बहुतेकांची अडचण खेळाची नसून त्यासाठीच्या ऑनलाइन सेवांची आणि त्यांच्या वर्गणीची आहे. त्यांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून आम्ही सहा जण रविवारी एका कृषी केंद्राच्या गोदामात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. सूत्रधार मीच असतो. एका सेवेची मी वर्षाची वर्गणी भरली, पण आत गेल्यावर प्रत्येक पुस्तकाचे वेगळे पैसे मागितले गेले. मग वर्गणी कशाची घेतली? शिवाय धानाची रोवणी आणि पुढे कापणी-मळणी सुरू झाली की आमचा खेळ बंद पडतो, वर्गणी मात्र चालूच राहते. (एक वाचक, सिंदेवाही तालुका)

उत्तर : गुरुजी, आपण सेवेचे नाव कळवलेले नाही, म्हणून या खेळासाठी सर्रास वापरली जाणारी 'डी अँड डी बियाँड' ही सेवा उदाहरणादाखल घेतो. तेथे पुस्तक विकत घेणे आणि वर्गणी भरणे हे दोन स्वतंत्र व्यवहार आहेत. पुस्तकाचे पैसे एकदाच द्यायचे असतात आणि वर्गणी थांबवली तरी ते आपल्या खात्यावर राहते. वर्गणी असते ती सोयींची. फुकट खात्यात सहा पात्रे ठेवता येतात, महिना 2.99 डॉलरच्या 'हिरो' वर्गणीत ही मर्यादा उठते. आणि महिना 5.99 डॉलरच्या 'मास्टर' वर्गणीत गटातील एकाने विकत घेतलेली पुस्तके त्या मोहिमेतील, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या त्या कथेतील, सर्वांना आपापल्या मोबाइलवर उघडता येतात. त्यामुळे सहा जणांनी सहा वर्गण्या भरण्याचे कारण नाही, एकाची पुरते. मात्र ज्या गटात कोणीच पुस्तक घेतलेले नाही, त्याने 'मास्टर' वर्गणी भरणे म्हणजे रिकाम्या कणगीला राखण बसवण्यासारखे आहे.

आता हंगामाचा हिशेब. 'मास्टर'ची वर्षाची वर्गणी 54.99 डॉलर आहे. आपण वर्षातून सात महिने खेळता असे धरले, तर महिनावार भरून 41.93 डॉलर होतात. नऊ महिन्यांपर्यंत महिनावार भरणेच स्वस्त पडते आणि दहाव्या महिन्यापासून वर्षाची वर्गणी परवडू लागते. 'वर्षाची घ्या, बचत करा' हा सल्ला बाराही महिने खेळणाऱ्या शहरातील गटासाठी ठीक आहे. ज्यांचे कॅलेंडर बांधीतल्या चिखलावर ठरते, त्यांनी रोवणी लागताच वर्गणी बंद करावी आणि मोकळीक मिळाली की पुन्हा सुरू करावी. बंद केल्यावर पुस्तकांचे वाटप थांबते आणि सहाहून अधिक पात्रे असतील तर त्यांतील सहाच उघडी राहतात. म्हणून थांबवण्याआधी प्रत्येक पात्राचा तक्ता (त्याच्या शक्ती, मंत्र आणि वस्तू यांची नोंद) पीडीएफमध्ये काढून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणावा.

हा कागद सांभाळण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो आहे. मासिकाची वर्गणी संपली तरी जुने अंक आपल्या माळ्यावर राहतात, आणि 'वर्गणी' या शब्दाबरोबर ती अपेक्षा आपल्या मनात आपोआप येते. ऑनलाइन सेवेत माळाही त्यांचाच असतो. याच खेळाच्या चौथ्या आवृत्तीसोबत 2008 मध्ये 'डी अँड डी इनसायडर' नावाची वर्गणीची सेवा निघाली होती; पात्र तयार करण्याची तिची साधने ज्या तंत्रावर उभी होती ते कालबाह्य झाले आणि 2020 च्या आरंभी ती बंद करण्यात आली. चौथ्या आवृत्तीची छापील पुस्तके ज्यांच्याकडे आहेत, ते आजही खेळू शकतात. ऑगस्ट 2024 मध्ये 'डी अँड डी बियाँड'ने पात्रांच्या तक्त्यांतील जुने मंत्र आणि जादूच्या वस्तू नव्या नियमांनुसार बदलण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंनी आरडाओरडा केल्यावर काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. पण चालू मोहिमेच्या मध्यावर आपल्या जादूगाराचा मंत्र दुसरेच कोणी बदलू शकते, हे त्या प्रसंगाने लख्ख दिसले.

प्रश्न : माझ्या डेबिट कार्डावरून परदेशी सेवेचे पैसे जातच नाहीत. मित्राच्या कार्डावरून पहिल्या महिन्याचे गेले, दुसऱ्या महिन्याचे अडकले. यात चूक कोणाची? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, आर्वी तालुका)

उत्तर : चूक बहुधा कोणाचीच नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंद असतात; बँकेच्या ॲपमधून ते आपणच सुरू करावे लागतात. शिवाय कार्ड रुपे असेल तर परदेशी संकेतस्थळ ते स्वीकारेलच असे नाही. मित्राची अडचण वेगळी आहे. 1 ऑक्टोबर 2021 पासून दरमहा आपोआप होणाऱ्या कपातीसाठी ग्राहकाची आगाऊ नोंदवलेली संमती आणि किमान 24 तास आधी सूचना आवश्यक झाली आहे. परदेशी सेवेने ही व्यवस्था केलेली नसेल, तर पहिला हप्ता ओटीपी देऊन जातो आणि दुसरा अडकतो. अशा वेळी एकदाच पैसे भरून मिळणारी साधने सोयीची पडतात. डॉलरमधील दरावर बँकेचे चलन-बदलाचे शुल्क लागू शकते आणि भारतीय ग्राहकाला 18 टक्के वस्तू व सेवा करही पडू शकतो, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. आपला एक खेळाडू शिकायला पुण्यात असल्याचे आपण लिहिले आहे. त्याच्यासाठी 'रोल20' या दुरून एकत्र खेळण्याच्या संकेतस्थळाचे फुकट खाते पुरेसे आहे. नकाशा, सोंगट्या आणि फासे त्यात ब्राउझरवरच मिळतात, पात्राबरोबर नकाशावर सरकणारी अंधार-उजेडाची योजना तेवढी पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव आहे. तिच्यावाचून कोणाचे अडत नाही.

प्रश्न : लढाईच्या ऐन भरात वीज गेली, राउटर बंद पडला आणि कोणाच्या पात्राचे किती प्राण उरले हे कोणालाच आठवेना. वर्गणीही नको आणि इंटरनेटही नको, असे काही आहे का? (एक वाचक, मारेगाव तालुका)

उत्तर : 'फाउंड्री' नावाची, नकाशा आणि पात्रे संगणकाच्या पडद्यावर मांडणारी प्रणाली 2020 पासून उपलब्ध आहे. तिचे सुमारे 50 डॉलर एकदाच भरायचे असतात आणि तेही फक्त सूत्रधाराने. ती त्याच्याच लॅपटॉपवर चालते आणि बाकीचे ब्राउझरमधून जोडले जातात. एकदा परवाना नोंदवला की घरातल्या वायफायवर, बाहेरच्या इंटरनेटशिवायही ती चालू शकते. परंतु तिची रचना मोठ्या पडद्यासाठी आहे, मोबाइलवर बोट ठेवावे तेथे भलतेच बटण दाबले जाते, आणि वीज गेल्यावर लॅपटॉपची बॅटरी किती टिकेल हा प्रश्न उरतोच.

समोरासमोर बसणाऱ्या गटाने तिच्यावर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या पाहण्यातील एका गटात प्रत्येक खेळाडूपुढे चिंचोक्यांची वाटी असते. पात्राला घाव बसला की तितके चिंचोके सूत्रधाराच्या ताटात जातात, मलम मिळाले की परत येतात. शत्रू म्हणून तुरीचे दाणे, आणि नकाशा सिमेंटच्या फरशीवर खडूने काढलेला. वीज गेली तेव्हा त्यांनी मोबाइलचा टॉर्च पाण्याच्या बाटलीखाली ठेवला आणि डाव पुढे चालू राहिला.

प्रश्न : आमच्या गावात दंडार (आमच्याकडचे लोकनाट्य) होते, त्यामुळे पोरांना जागच्या जागी संवाद रचता येतात, अडते ते इंग्रजी नियमांशी. नियम मराठीत करून वाटले तर कायद्याने चालते का? पुस्तक घेण्याची आमची ऐपत नाही. (एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका)

उत्तर : पुस्तकाचे भाषांतर करून वाटता येणार नाही, पण आपल्याला पुस्तकाची गरजही नाही. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम सुमारे 400 पानांच्या एका फुकट संहितेत मिळतात. तिचे नाव 'सिस्टिम्स रेफरन्स डॉक्युमेंट 5.1' असे आहे. जानेवारी 2023 मध्ये खेळ काढणाऱ्या कंपनीच्या, इतरांनी हे नियम वापरण्याविषयीच्या नव्या, जाचक परवान्याचा मसुदा फुटला, संतापलेल्या खेळाडूंनी 'डी अँड डी बियाँड'च्या वर्गण्या रद्द करण्याचा सपाटा लावला आणि 27 जानेवारीला कंपनीने ही संहिता 'क्रिएटिव्ह कॉमन्स' परवान्याखाली खुली केली. हा परवाना परत घेता येत नाही. त्यानुसार भाषांतर करणे, छापणे, अगदी विकणेही चालते. मूळ संहितेचा व परवान्याचा ठरलेला उल्लेख करावा लागतो आणि आपण बदल केल्याचे सांगावे लागते, इतकेच. 2024 च्या सुधारित नियमांची 5.2 ही संहिताही 2025 मध्ये त्याच परवान्याखाली आली.

5.1 संहितेत बारा वर्ग (योद्धा, जादूगार असे पात्रांचे प्रकार) असले तरी प्रत्येकाचा एकच उपवर्ग दिलेला आहे आणि पात्राची पार्श्वभूमीही एकच आहे. ज्या गावात दंडार उभी राहते तेथे पार्श्वभूमीची वाण पडणार नाही: गुराखी, मालगुजाराचा दिवाणजी, तलावावरचा ढिवर, सोंगाड्या, पोरे स्वतःच रचतील. भाषांतर करताना सगळी 400 पाने घेऊन बसू नये. लढाईत एका पाळीला काय काय करता येते आणि वीस बाजूंचा फासा केव्हा टाकायचा, एवढे आधी दोन पानांत लिहावे. 'स्पेल'ला मंत्र म्हणावे, पण 'हिट पॉइंट' (पात्राचे उरलेले प्राण) तसेच ठेवावे, कारण मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी तो शब्द आधीच बसलेला आहे. फासे मिळेपर्यंत वीस चिठ्ठ्या एका डब्यात घालून काढाव्यात. काढलेली चिठ्ठी दर वेळी परत डब्यात टाकायला विसरू नये.