५ मिलिमीटर तारेच्या हँड ग्रिपरचा जोर दीडपट करायचा असल्यास तार किती जाड घ्यावी?

वेटोळ्याचा व्यास, वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा प्रकार तोच ठेवणार असाल, तर ५.५ मिलिमीटरची तार पुरेशी आहे. ग्रिपरची स्प्रिंग ही पीळ घेणारी स्प्रिंग असते आणि तिचा ताठरपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे जाडी १० टक्क्यांनी वाढली की मुठीला लागणारा जोर सुमारे ४६ टक्क्यांनी वाढतो. यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातले स्प्रिंगचे नेहमीचे सूत्र हेच सांगते. याउलट वेटोळ्याचा व्यास किंवा वेढे वाढवल्यास ग्रिपर त्याच प्रमाणात हलका होतो, म्हणून बारीक फरक साधण्यासाठी तारेपेक्षा वेटोळ्यात बदल करणे मला अधिक सोयीचे वाटते. मुठींची लांबीही विसरू नये: हात वेटोळ्यापासून जितका लांब, तितका जोर कमी लागतो, आणि एकाच ग्रिपरवर पकड थोडी खाली सरकवली तरी तो सोपा वाटतो. कंपन्यांनी छापलेले पौंडांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे याच कारणाने फसवे ठरते.

मात्र एक काळजी अवश्य घ्यावी. तार जाड केल्यावर, मुठी तितक्याच मिटवताना, धातूवरील ताणही १० टक्क्यांनी वाढतो. जुनी तार आधीच मर्यादेजवळ असेल, तर नवी स्प्रिंग काही दाबांतच कायमची वाकते आणि सोडल्यावर मुठींमधले अंतर पहिल्यापेक्षा कमी भरते. ते अंतर सुरुवातीला पट्टीने मोजून ठेवावे.