सीआय असूनही मेन ब्रांचचा बिल्ड सारखा फुटतो. नऊ जणांच्या टीमने काय करावं?

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (माझा बदल मेनमध्ये घ्या, ही विनंती) सीआयची, म्हणजे बदल आपोआप बिल्ड करून टेस्ट चालवणाऱ्या व्यवस्थेची, हिरवी टिक येते, रिव्ह्यूही होतो, तरी आठवड्यातून दोनदा सकाळी मेन, म्हणजे सगळ्यांचा सामाइक कोड, पुल केला (आपल्या मशीनवर आणला) की बिल्ड फुटलेला असतो, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयारच होत नाही. चूक कोणाची, असंही विचारलंय. बहुतेक वेळा कोणाचीच नाही.

मी गोव्यात पर्वरीत एका छोट्या कंपनीत हॉटेल-बिलिंगच्या टाइपस्क्रिप्ट कोडवर काम करायचो. चवथीआधीचा शेवटचा दिवस. एकाने कर काढणाऱ्या फंक्शनला तिसरा पॅरामीटर जोडला आणि ते जिथे जिथे वापरलं होतं तिथे बदल केला. त्याच दुपारी दुसरीने रूम सर्व्हिसची नवी फाइल लिहिली, त्यात तेच फंक्शन दोन पॅरामीटर देऊन वापरलं. दोघांच्या ब्रांच (कोडच्या वेगळ्या प्रती) हिरव्या. फाइली वेगळ्या, त्यामुळे कॉन्फ्लिक्ट नाही. कोडमधले बदल सांभाळणारं गिट ओळी जुळवतं, त्यांचा अर्थ त्याला कळत नाही. पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही मेनमध्ये मर्ज झाल्या, म्हणजे जोडल्या गेल्या, आणि आम्ही माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान आणायला पळालो.

सुट्टी संपली तरी निम्मे लोक गावीच होते. नवी मुलगी रुजू झाली, रेपो (कोडचा साठा) क्लोन केला, पण नव्या फाइलमध्ये तिसरा पॅरामीटर नसल्याने बिल्ड होईना. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून बिचारीने दीड दिवस नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) काढून परत टाकलं. कोणाला विचारायचंही धाडस झालं नाही तिला.

तुमचंही असंच होत असणार. टिक मिळते ती त्या क्षणीच्या मेनवर. तुम्ही मर्जचं बटण दाबेपर्यंत मेन पुढे सरकलेली असते, आणि मर्जनंतर जो कोड तयार होतो तो कोणीच बिल्ड करून पाहिलेला नसतो. रस्ट भाषेचा मूळ कर्ता ग्रेडन होअर याने 2014 मध्ये यावर लिहिलं होतं. रस्टचा बॉट मंजूर झालेला बदल ताज्या मेनशी आधी बाजूला जोडतो, त्या जोडलेल्या कोडवर सगळ्या टेस्ट चालवतो, आणि पास झाल्या तरच मेन पुढे नेतो. कोड ठेवायची साइट गिटहब, तिची मर्ज क्यू (मर्जची रांग) हेच करते. नऊ जणांना कदाचित तीही लागणार नाही. ब्रांच मेनच्या बरोबरीला आल्याशिवाय मर्ज होऊ देऊ नये, अशी सेटिंग असते, ती चालू करा. फक्त सीआयला वीस मिनिटं लागत असतील तर चोडणच्या फेरीबोटीला लागते तशी रांग लागेल, म्हणून आधी सीआय जलद करा.

एवढं करूनही कधीतरी फुटेलच. तेव्हा आधी रिव्हर्ट (तो बदल मागे घेणं), चर्चा मग. ‘दोन मिनिटांत फिक्स करतो’ म्हणणाऱ्याचा दीड तास होतो आणि बाकीचे आठ जण चहा पीत बसतात. रिव्हर्ट म्हणजे कोणाचा अपमान नव्हे, हे मात्र सीनियरने स्वतःचा कमिट (गिटमध्ये नोंदवलेला बदल) रिव्हर्ट करून दाखवल्याशिवाय कोणाला पटत नाही. मेन स्वच्छ ठेवण्याचा आणखी एक फायदा गिट बायसेक्ट (कमिट निम्मे-निम्मे करत बग शोधणारी कमांड) वापरताना कळतो. हजार कमिटमधून बग आणणारा कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडतो, पण मधले निम्मे बिल्डच होत नसतील तर शोध तिथेच अडकतो.

‘माझ्या मशीनवर चालतंय’ हा प्रकार वेगळा. लॉकफाइल (वापरलेल्या पॅकेजच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) कमिट करा आणि सीआयवर पॅकेज बसवायला एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा. लॉकफाइल जुळली नाही तर ती कमांड सरळ एरर देते. नोडची आवृत्तीही रेपोतच लिहून ठेवा. मॅकवाल्यांवर जरा लक्ष असू द्या. फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर आणि इम्पोर्टमध्ये स्मॉल असलं तरी मॅकवर सहसा चालून जातं, लिनक्सच्या सर्व्हरवर मोडतं. आमच्याकडे हे तीनदा झालं, तिन्ही वेळा एकाच माणसाकडून. (तो मीच.)

कमिट करण्याआधी सगळ्या टेस्ट चालवणारा हुक लावा, असा सल्ला बरेच जण देतील. मला पटत नाही. लोक आठवडाभरात तो हुक टाळायचा फ्लॅग शिकतात. त्यापेक्षा रोज रात्री रिकाम्या फोल्डरमध्ये, कॅशे न वापरता, नवा क्लोन घेऊन बिल्ड करणारा जॉब लावा. तो फुटला तर नव्या माणसाआधी तुम्हाला कळेल.

तुमच्या सीआयला किती मिनिटं लागतात ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे क्यू हवी की नको ते सांगता येईल.