चाळीसचे सात झाले, आता बंद करू का?

प्रश्न: मी जीवशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा माझी मीच शिकले. वर्गातल्या मुली ‘आम्हालाही दाखव’ म्हणाल्या, त्यातून दर शनिवारी संध्याकाळी दोन तास एकमेकांना शिकवायचं ठरलं. मी डेटा साफ करणं शिकवते, इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा सोल्डरिंग शिकवतो, साहित्याची एक मैत्रीण व्हिडिओ एडिटिंग. पहिल्या शनिवारी माझ्याकडे चाळीस जण आले. पाचव्या आठवड्यात सात उरले आहेत. मी स्लाइड्स इतक्या मेहनतीने केल्या होत्या, तरी लोक का गळले कळत नाही. आई म्हणते, ‘लोकांना शिकवून तुझं काय भलं होणार? तेवढ्या वेळात एखादा सर्टिफिकेट कोर्स कर.’ एक मित्र म्हणतो, फी लाव आणि आपणच सर्टिफिकेट देऊ. हे रेझ्युमेत लिहिण्यासारखं आहे का, की बंद करू?

उत्तर: बंद करू नकोस. फी लावू नकोस. सर्टिफिकेट तर छापूच नकोस. आता सविस्तर सांगते.

लोक का गळले याचं उत्तर तुझ्याच पत्रात आहे: स्लाइड्स. दिवसभर लेक्चर ऐकून आलेल्या मुलांना तू शनिवारी संध्याकाळी आणखी एक लेक्चर दिलंस. कीबोर्ड तुझ्या हातात होता आणि ते बघत होते. पोहायला शिकणारा काठावर बसून किती दिवस बघेल?

यात तुझा एकटीचा दोष नाही. आपल्याला एखादी गोष्ट यायला लागली की ती येत नव्हती तेव्हा कसं वाटायचं, हे आपण विसरतो. १९९० साली स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने पीएचडीच्या कामात याचा गमतीदार प्रयोग केला होता. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. तुझ्या वर्गात ‘इथे फक्त लूप लावायचा’ (लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावणारी सूचना) हे वाक्य किती वेळा आलं असेल ते आठव. त्यातला ‘फक्त’ म्हणजे ती टकटक.

पण इथेच तुझी बाजू प्राध्यापकांपेक्षा भक्कम आहे. त्यांना अडखळून वीस वर्षं झाली असतील, तुला सहा महिने. फाइलचा पाथ, म्हणजे कॉम्प्युटरमधला पत्ता, चुकल्यावर आलेली लाल अक्षरं बघून तू घाबरली होतीस ना? तिथून सुरुवात कर. तू कुठे अडलीस, याची आठवण ताजी आहे तोवर ती वापरून घे, कारण वर्षभरात तीही जाईल.

उदाहरण तुझ्याच विषयातलं देते. ‘मार्च१’ नावाचं जनुक एक्सेलमध्ये टाइप केलं की त्याची मुकाट तारीख होते. ‘सेप्ट२’चंही तेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना जनुकांच्या एक्सेल याद्या जोडल्या होत्या, त्यांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि त्या जनुकांची नावं बदलली. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं. आता सांग, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात असतं? हे एक मूल दुसऱ्याला सांगतं, तेही स्वतःची रात्र वाया गेल्यावर. पुढचा शनिवार यावरच घे. बिघडलेली यादी सगळ्यांना दे आणि दोन तासांत दुरुस्त करायला लाव.

पद्धत बदलायची तर एक तयार नमुना आहे. शास्त्रज्ञांना प्रोग्रॅमिंग शिकवण्यासाठी १९९८ साली ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यांच्या कार्यशाळेत शिकवणारा स्लाइड दाखवत नाही, सगळ्यांसमोर एकेक ओळ टाइप करत जातो. त्यामुळे वेग आपोआप माणसाचा राहतो, आणि त्याच्याही चुका होतात, त्या दुरुस्त होताना सगळे बघतात. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या असतात. काम झालं की एक रंग लॅपटॉपवर लावायचा, अडलं की दुसरा. हात वर करायची लाज वाटणाऱ्यांची मोठी सोय होते. शिवाय मदतीला हिंडणारे दोन-तीन जण असतात, बरेचदा आधी शिकून गेलेलेच. हे सगळं सात जणांत उत्तम जमतं, चाळिसांत तू एकटी असताना जमणारच नव्हतं. म्हणून मला सात हा आकडा पडता वाटत नाही.

आता एक धोका. मुलांनी मुलांना शिकवताना चूकही तितक्याच प्रेमाने पुढे जाते. सोल्डरिंगच घे. पुष्कळ जण सोल्डरची (कथील-शिशाची) तार सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर वितळवतात आणि तो थेंब जोडावर नेऊन ठेवतात. तोवर तारेच्या आतला फ्लक्स, म्हणजे धातू साफ करून जोड पक्का करणारा पदार्थ, जळून गेलेला असतो. जोड दिसतो ठीक, पण कच्चा राहतो आणि आठवड्यात सुटतो. खरं तर आयर्नने पिन आणि पॅड (बोर्डवरची धातूची टिकली) दोन्ही तापवायचे आणि तार तापलेल्या जोडाला लावायची. एकाने चुकीचं शिकवलं की दहा जण तसंच करतात. यावर उपाय सोपा आहे: पुढच्या सत्रापूर्वी लॅब असिस्टंटना अर्धा तास बोलवा आणि त्यांच्यासमोर करून दाखवा. कॉलेजातलं निम्मं हाताचं ज्ञान त्या माणसाकडे असतं आणि त्याला कोणी विचारत नाही. त्या मुलाला हेही सांग की खिडकी उघडी हवी, डोळ्यांना चष्मा हवा, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खायचं नाही. लॅब वापरणार असाल तर लेखी परवानगी घ्या.

तुझ्या आईंच्या प्रश्नाकडे वळते. काळजी वेळेची असेल तर त्यांचं बरोबर आहे. दोन तास शिकवणं आणि जास्तीत जास्त दोन तास तयारी, एवढी मर्यादा आखून घे. परीक्षेच्या महिनाभर आधी सुट्टी. पण ‘तुझं काय भलं’ यावर त्यांना एक गोष्ट सांग. २०१४ च्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकच उतारा वाचायला दिला. काहींना सांगितलं, नंतर परीक्षा आहे. काहींना सांगितलं, नंतर हे दुसऱ्याला शिकवायचं आहे. प्रत्यक्षात शिकवायला कुणालाच लावलं नाही, सगळ्यांची परीक्षाच घेतली. शिकवायच्या तयारीने वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, आणि मुख्य मुद्दे तर विशेष चांगले. सर्टिफिकेट कोर्सला माझा विरोध नाही. एखाद्या कामाला परवानाच लागत असेल तर तो केलाच पाहिजे. पण व्हिडिओ पुढे ढकलत मिळवलेला कागद इतका सर्रास झाला आहे की निवड करणाऱ्याची नजर त्यावर थांबत नाही. तुम्ही मित्रमित्रांनी छापलेल्या कागदाचं काय होईल, ते वेगळं सांगायला नको. फीबद्दल एवढंच: पैसे घेतलेस की समोरचा गिऱ्हाईक होतो आणि ‘मलाही हे येत नाही, बघू या’ म्हणायची तुझी मुभा जाते.

तुझा उद्योग जगावेगळाही नाही. अमेरिकेत ओबर्लिन कॉलेजात १९६८ पासून विद्यार्थी आपले अभ्यासक्रम चालवत आले आहेत. बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी शिकवलेल्या वर्गांना, एखादे प्राध्यापक पाठीशी असतील तर, क्रेडिटही मिळतं. २०२० च्या जानेवारीत एमआयटीमधल्या तीन पीएचडी विद्यार्थ्यांनी कमांड लाइन (टाइप करून कॉम्प्युटरला हुकूम देणं), गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणं), डीबगिंग (चुका शोधणं) असे विषय घेऊन एक छोटा कोर्स चालवला. अभ्यासक्रम हे गृहीत धरतो, पण शिकवत कोणीच नाही, ही त्यांची तक्रार. ती तुझ्या वर्गातल्या मुलींचीही आहे.

रेझ्युमेत ‘संस्थापक आणि समन्वयक’ असं लिहू नकोस. असे संस्थापक पोत्याने येतात. ‘जीवशास्त्राच्या सात विद्यार्थ्यांना सहा सत्रांत पायथनने प्रयोगाचा डेटा साफ करायला शिकवलं, सरावाच्या फाइल्स आणि टिपणं तयार केली’ असं लिही, आणि ती टिपणं गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवर सगळ्यांना दिसतील अशी ठेव. आकडा छोटा असला तरी खरा असू दे. इंटरव्ह्यूमध्ये ‘अवघड गोष्ट कुणाला समजावून सांगितली आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. तेव्हा चाळीसचे सात कसे झाले आणि मग तू काय बदललंस, ते सांग. सगळं सुरळीत झालं असं सांगणाऱ्यापेक्षा तुझी गोष्ट जास्त वेळ ऐकली जाईल.

आणखी एक वाट तुझ्या यादीत नसेल म्हणून सांगते. प्रयोगशाळेची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या ‘ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट’ नेमतात. मशीन पोहोचलं की संशोधकांना ते वापरायला शिकवणं हे त्यांच्या कामाचा मोठा भाग असतं. विषय येणारे खूप असतात, विषय येणारे आणि शिकवू शकणारे कमी. संशोधन संस्थांच्या बायोइन्फर्मॅटिक्स (जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरने तपासणाऱ्या) विभागांतही प्रशिक्षणाचं काम असतं.

या आठवड्यात एवढं कर. गळालेल्या तेहतीस जणांपैकी पाच जणांना गाठ आणि ‘का आला नाहीस’ न विचारता ‘कुठल्या मिनिटाला कंटाळा आला’ असं विचार. शनिवारी त्या सातांपैकी एकीला पंधरा मिनिटं शिकवायला बसव. तू मागे बस आणि ती अडली तरी कीबोर्डला हात लावू नकोस. पाच जण काय म्हणाले ते मला कळव.