न्यूझीलंडच्या रोड ट्रिपमध्ये जंगली डॉल्फिनसोबत पोहायचं असेल तर काय तयारी करावी? कोकणात हे करता येईल का?

कोकणाचं आधी सांगतो: नाही. तारकर्ली, हर्णैला डॉल्फिन बोटीतूनच बघा आणि बोटवाल्याला पाठलाग करू देऊ नका. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं या प्राण्यांना कडक संरक्षण आहे. शिवाय गढूळ पाण्यात, फिरत्या पंख्याजवळ उतरणं तुमच्याही जिवाला धोक्याचं.

न्यूझीलंडमध्ये परवाना असलेल्या बोटीवरून उतरता येतं, पण सगळीकडे नाही. उत्तर बेटावरच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनची संख्या फार घटल्यामुळे २०१९ पासून त्यांच्यासोबत पोहणं बंद आहे. जुनी माहिती वाचून तिकडचा बेत करू नका. दक्षिण बेटावर किनाऱ्यावरचं कायकोरा गाव गाठा. क्राइस्टचर्चहून साधारण १८० किलोमीटर, अडीच तास; उत्तर बेटावरून फेरीबोटीने पिक्टन बंदरात उतरलात तर १५५ किलोमीटर. दोन्हीकडून स्टेट हायवे १ च.

कायकोरालाच का, तर तिथे किनाऱ्याला जवळजवळ लागूनच हजार मीटरहून खोल जाणारी समुद्री दरी आहे. तिथले डस्की जातीचे डॉल्फिन रात्री त्या खोल पाण्यातून वर येणारे छोटे मासे आणि माकुळ खातात, आणि सकाळी विश्रांतीला किनाऱ्याजवळ सरकतात. म्हणून डॉल्फिन बोटीची सकाळची पहिली फेरी घ्या. वाराही बहुतेक वेळा तेव्हाच कमी असतो. हिवाळ्यात कळप किनाऱ्यापासून लांब जातात आणि पाणी दहा अंशांच्या आसपास येतं, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी डिसेंबर ते मार्चच धरावं.

आपल्याकडचे बरेच जण क्राइस्टचर्चहून एका दिवसात जाऊन येण्याचा बेत करतात. माझ्या मते तिथेच ट्रिप फसते. वारा सुटला, लाटा वाढल्या की फेरी रद्द होते आणि पुढची तारीख भरलेली असते. दोन रात्री ठेवा आणि बुकिंग पहिल्या सकाळचं करा, म्हणजे दुसरी सकाळ हातात राहते. उन्हाळ्यात जागा बऱ्याच आधी भरतात.

पोहण्याचा सराव इथूनच करा. तलावात मास्क आणि स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून, कडेला हात न लावता २०० मीटर जमलं पाहिजे. स्नॉर्कलमध्ये पाणी शिरलं की डोकं वर न काढता जोरात फुंकून ते बाहेर टाकायचं, एवढं एक अंगवळणी पडलं की निम्मी भीती जाते. चष्मा मास्कमध्ये बसत नाही, त्याची सोय आधी बघा. मिशी असेल तर मास्कमध्ये हमखास पाणी झिरपतं. वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावा. मास्कच्या कडेखाली केसाची एक बट अडकली तरी तेच होतं.

वेटसूट (थंड पाण्यासाठीचा रबरी पोशाख), फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंजे), मास्क बोटवाले देतात. आत फक्त पोहण्याचा पोशाख घाला, सुती टी-शर्ट नको. तो ओला होऊन गोळा होतो आणि काखेत काचतो. सूट अंगाला घट्टच हवा, कारण सैल सुटात गार पाणी सतत आत-बाहेर खेळत राहतं. तो ओढताना नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी सरकवा.

रिकाम्या पोटी जाऊ नका. टोस्ट, केळं पुरे. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्या. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा पोटात टिकत नाही.

आता पाण्यातलं. उतरल्या उतरल्या थंडीने श्वास अडकतो आणि धाप लागते. हे सगळ्यांनाच होतं आणि मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. बोटीची दांडी धरून सावकाश श्वास सोडा, मगच पुढे व्हा. वेटसूट तुम्हाला तरंगत ठेवतो, तेव्हा हात मारायची गरज नाही. हात अंगालगत, पाय कमरेपासून हलवा. फिन पाण्याबाहेर येऊन फटफट झाली तर डॉल्फिन लांबून निघून जातात. स्नॉर्कलमधूनच गुणगुणा, चित्रविचित्र आवाज काढा. कुतूहल वाटलं तर एखादा जवळ येऊन तुमच्याभोवती गोल फिरू लागतो. तुम्हीही त्याच्याकडे नजर ठेवून त्याच दिशेने गोल फिरा, तो बराच वेळ थांबतो. पाठलाग केलात तर क्षणात दिसेनासा होतो. हात लावायचा नाही. कॅमेरा पहिल्या उतरण्यात बोटीतच ठेवा. स्क्रीनकडे बघता बघता पाय थांबतात आणि डॉल्फिनही जातो.

कप्तानाने बोलावलं की लगेच फिरा. पिल्लं असलेल्या कळपात पोहायला तिथे कायद्याने मनाई आहे आणि एका कळपाच्या ३०० मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत. त्यामुळे कधी डॉल्फिन समोर असूनही उतरू देत नाहीत. अशा वेळी हुज्जत घालू नका, त्यांचं बरोबर असतं. घरात कोणाला पोहता येत नसेल तर नुसतं बघणाऱ्यांचं तिकीट वेगळं आणि स्वस्त मिळतं.

बाहेर आल्यावर अंग कोरडं करून टोपी, स्वेटर, गरम पाणी. आणि लगेच स्टिअरिंगवर बसू नका. थंडीचा थकवा असतो, त्यात आव्होमिनसारखी गोळी घेतली असेल तर तिची झोप बराच वेळ उतरत नाही, आणि क्राइस्टचर्चकडचा रस्ता डोंगरातून वळणावळणाचा आहे. ती रात्र कायकोरालाच काढा. गोळी न घेतलेला कोणी चालवायला असेल तर दुपारी उत्तरेला ओहाऊ पॉइंटपर्यंत जाऊन या, रस्त्यालगतच्या खडकांवर फर सील पहुडलेले दिसतात.