‘डाय हार्ड’ची जुनी डीव्हीडी ठेवायची की काढायची? तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ब्रूस विलिसच्या ‘डाय हार्ड’ या पिक्चरच्या २००१ सालच्या दोन डिस्कवाल्या फाइव्ह स्टार एडिशनबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, माझ्या कपाटातली ती सगळ्यात लाडकी डीव्हीडी आहे एवढंच म्हटलं होतं, तर त्यावर ढीगभर पत्रं आली. त्यातली चार इथे घेतोय.

दादा, माझे मामा न्यू जर्सीला असतात, ते सुट्टीला आले तेव्हा तुम्ही म्हणता तीच एडिशन घेऊन आले होते. आता मी त्याच पिक्चरची ४के डिस्क घेतली. बायको म्हणते एकच पिक्चर दोनदा घरात कशाला, जुनी कुणाला तरी देऊन टाका. खरंच तिचा काही उपयोग उरलाय का? – एक वाचक, सांगली

देऊ नका! वहिनींना माझ्यातर्फे सांगा की हे दोनदा नाहीये, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी पिक्चरबद्दल बोलू, कारण तिथे वादच नाही. ४के डिस्क २०१८ला पिक्चरला ३० वर्षं झाली तेव्हा आली आणि चित्राच्या बाबतीत ती जुन्या डीव्हीडीच्या कितीतरी पुढे आहे. अमेरिकन डीव्हीडीत चित्र वरपासून खालपर्यंत ४८० आडव्या रेघांचं, इथे २१६०. पण नुसता आकडा सोडा, या पिक्चरचा कॅमेरामन यान द बाँट, त्याने रात्रीच्या काळोखात अॅनामॉर्फिक लेन्स (रुंद चित्र बाजूंनी दाबून फिल्मवर बसवणारी) लावून शूट केलंय, त्यामुळे टॉर्च किंवा गाडीचा दिवा समोर आला की पडद्यावर आडवी निळसर रेघ उमटते, ती रेघ डीव्हीडीवर नुसती पुसट पट्टी दिसायची, ४केवर ती झळकते आणि तिच्या मागचा काळोख काळाच राहतो. फिल्मचे बारीक दाणेही दिसतात, काही लोकांना ते खराब वाटतं पण ते दाणे म्हणजेच फिल्म, ते पुसून काढले की माणसाचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो. तर पिक्चर बघायचा असेल तेव्हा ४केच लावा.

आता जुन्या डीव्हीडीतली दुसरी डिस्क. तिच्यात ‘कटिंग रूम’ नावाचा भाग आहे, माझा जीव सगळा त्याच्यात अडकलाय. एका ठिकाणी एकाच सीनचं वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी घेतलेलं शूटिंग आहे आणि तुम्ही रिमोटने या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर जाऊ शकता. दुसरीकडे तुम्हाला तुकडे दिलेत, त्यातून एकेक निवडून स्वतः सीन जोडायचा आणि मग तो चालवून बघायचा. मी पहिल्यांदा केला तेव्हा प्रत्येक वेळी सगळ्यात जवळचा, सगळ्यात धडाकेबाज शॉट घेतला, आणि चालवून बघितलं तर कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे बघतंय काहीच कळेना. मग दुसऱ्यांदा मध्येच एक लांबचा शॉट टाकला आणि सीन एकदम उभा राहिला, खोली कळली, अंतर कळलं, भीती कळली. हे वाचून कळत नाही हो, हाताने करावं लागतं. या पिक्चरच्या एडिटिंगला ऑस्करचं नामांकन होतं (एकूण चार नामांकनं, त्यातली दोन आवाजाच्या कामासाठी), ते का होतं हे मला त्या रात्री कळलं.

तिथेच आवाजाचं मिक्सिंग पण आहे. संवाद, संगीत, इफेक्ट असे तीन वेगळे, हवा तो वर करा हवा तो खाली. संवाद पूर्ण बंद करून नुसते इफेक्ट ऐका, मग संगीत थोडं थोडं चढवत जा, एका ठिकाणी सीन भरल्यासारखा वाटतो आणि त्याच्या जरासं पुढे गेलात की सगळा चिखल होतो, तो बिंदू आपल्याच कानाने सापडतो.

ही सगळी कार्यशाळा पुढच्या ब्लू-रेवर आली नाही, ४केवरही नाही. कॉमेंटरी (पिक्चर चालू असताना तो बनवणाऱ्यांचं बोलणं) मात्र ब्लू-रेवर आल्या आहेत, त्यातली दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन आणि कलादिग्दर्शक जॅक्सन द गोव्हिया यांची जरूर ऐका. मॅकटिअर्ननचं म्हणणं असं की त्याला अतिरेक्यांचा पिक्चर करायचाच नव्हता, अतिरेकी आले की मजा जाते, म्हणून त्याने त्यांना चोर केलं. आता हे माहीत असताना अॅलन रिकमनकडे बघा, त्याचा हान्स ग्रुबर, म्हणजे चोरांचा म्होरक्या, किती आनंदात असतो ते! सूट, दाढी, बोलण्यातला तो आराम, आणि हा रिकमनचा पहिलाच सिनेमा. स्पेशल इफेक्टवाल्या रिचर्ड एडलंडची कॉमेंटरी ठरावीक सीनपुरतीच आहे, मध्ये मोठमोठे खंड पडतात, तिथे मी थोडा निराश झालो. आणि मोठी मेकिंग-ऑफ डॉक्युमेंटरी पण नाही, प्रदर्शनाच्या वेळची छोटी प्रचारफिल्म आहे तेवढीच. एवढा मोठा सेट आणि एवढी मोठी माणसं असताना ही कमी मला आजही खुपते.

आणि हो, पहिल्या डिस्कवर पिक्चर लावताना जास्तीच्या सीनसकट बघायचा पर्याय आहे, इमारतीची वीज जाते तो भाग थोडा लांबतो. एकदा बघावा असा आहे, पण कापला ते बरंच केलं.

आमच्याकडे ४३ इंची टीव्ही आहे, तरी या पिक्चरला वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. बाबा म्हणतात चित्र कापून दिलंय, पैसे परत मागा. रिमोटने झूम केलं की भरतं. झूम ठेवू का? – एक वाचक, बदलापूर

झूम ठेवू नका, आणि बाबांना सांगा की काका, उलट आहे, पट्ट्या आहेत म्हणजेच चित्र पूर्ण आहे. झूम केलंत की तुम्ही स्वतः कापताय.

पिक्चरची फ्रेम उंचीच्या २.३५ पट रुंद आहे आणि तुमचा टीव्ही १.७८ पट, मग रुंदी पूर्ण दाखवायची तर वर-खाली जागा उरणारच. जुन्या चौकोनी टीव्हीचं प्रमाण १.३३ होतं, त्याच्यात फ्रेम पूर्ण भरायची म्हणजे साधारण ४३ टक्के चित्र बाजूने उडवायला लागायचं. आम्ही लहानपणी व्हिडिओ लायब्ररीतून कॅसेट आणून जे बघितलं ते हे असलं अर्धमुर्धं, दोन माणसं बोलतायत आणि एकाचं नुसतं नाक दिसतंय. त्याच फाइव्ह स्टार एडिशनच्या दुसऱ्या डिस्कवर ‘लेटरबॉक्स (म्हणजे याच काळ्या पट्ट्या) कशासाठी’ असा एक छोटा भाग आहे, त्यात पूर्ण फ्रेम आणि कापलेली फ्रेम दाखवून समजावलंय. कुणाकडे ती डिस्क असेल तर बाबांना पाच मिनिटं समोर बसवा, मला वाटतं पुन्हा वाद होणार नाही.

अमेरिकेतून आलेली डीव्हीडी आमच्या प्लेअरवर ‘रीजन चुकीचा’ म्हणते. – एक वाचक, औरंगाबाद

डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात, अमेरिका रीजन १, आपण रीजन ५, म्हणून अडतं. बऱ्याच प्लेअरना रिमोटवरून एक आकड्यांचा क्रम दाबून सगळे रीजन उघडता येतात, दुकानदाराला विचारा. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हवर रीजन बदलता येतो पण फक्त ५ वेळा, मग कायमचा लॉक होतो, तेव्हा उगाच इकडून तिकडे करू नका. ब्लू-रेचे रीजन परत वेगळे, आपला सी आणि अमेरिकेचा ए. ४के डिस्कला रीजनच नाही, कुठूनही मागवा.

माझ्याकडे इथे विकत घेतलेली डीव्हीडी आहे, १२७ मिनिटांत संपते. मित्राकडे अमेरिकन आहे, ती १३२ मिनिटं चालते. माझ्या कॉपीतून ५ मिनिटं सेन्सॉर झाली का? – एक वाचक, फोंडा

नाही हो, एवढ्या फरकासाठी एकही सीन जायला लागत नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेम चालते. आपली डीव्हीडी पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची, ती सेकंदाला २५ दाखवते, म्हणजे सगळा पिक्चर ४ टक्के पळतो. १३२चे बरोबर १२७च्या आसपास होतात. अमेरिकन पद्धतीत काही फ्रेम अर्ध्या-अर्ध्या पुन्हा दाखवून वेळ सांभाळतात, त्यामुळे कॅमेरा सावकाश फिरताना बारीक धक्के जाणवतात पण लांबी खरी राहते.

पळवण्याचा एक परिणाम कानावर होतो. आवाज चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. ब्रूस विलिसचा आवाज किंचित बारीक झालाय हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण या पिक्चरचं संगीत मायकेल केमनचं आहे आणि त्याने बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली धून सगळीकडे पेरलीय, ती मात्र पकडून देते. तुमची आणि मित्राची अशा दोन्ही डिस्क आणा, तिजोरीचं दार उघडतं, आतला उजेड बाहेर येतो आणि ती धून पूर्ण ताकदीने वाजते तो सीन एकामागोमाग लावा. घरात कुणी पेटी वाजवत असेल तर त्यांना शेजारी बसवून दोन्ही वेळचा सा धरायला सांगा, फरक लगेच सापडेल.