आयसोफ्ल्युरेनच्या अंमलाखाली उंदीर काही शिकतो का?

आयसोफ्ल्युरेन हा भुलीचा वायू हुंगवलेल्या प्राण्याला त्या वेळी शिकवलेले लक्षात राहते का आणि आधी शिकलेले पुसले जाते का, असे आपण विचारले आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण रुग्णांचे नातेवाईक मला तेच अधिक काळजीने विचारतात. उंदरांवरील प्रयोगांत, शिकवणे संपल्यानंतर लगेच आयसोफ्ल्युरेन दिले तरी शिकलेले टिकून राहिले. शिकवतानाच दिले, तर मात्र ते रुजले नाही.

हे तपासण्याची पद्धत अभिजात अभिसंधानाची, म्हणजे एका खुणेचा दुसऱ्या घटनेशी संबंध जोडायला शिकवण्याची आहे. उंदराला पेटीत ठेवून एक स्वर ऐकवतात आणि स्वर संपताना पायांखालच्या सळ्यांतून विजेचा सौम्य झटका देतात. दुसऱ्या दिवशी, वायूचा अंमल उतरलेला असताना, तीच पेटी किंवा तोच स्वर भेटला की शिकलेला उंदीर श्वासापुरती हालचाल सोडून जागच्या जागी थिजतो, आणि तो किती वेळ थिजला यावरून त्याची आठवण मोजली जाते.

यातील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्रेची आहे. शेपटीला चिमटा लावला तरी निम्मे उंदीर हलत नाहीत, ती मात्रा आयसोफ्ल्युरेनसाठी सुमारे १.४ टक्के आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेटीची भीती शिकणे या मात्रेच्या जेमतेम पाव भागालाच दबले, तर स्वराची भीती शिकणे दबण्यास जवळजवळ निम्मी मात्रा लागली. पाव मात्रेवर उंदीर पायांवर उभा असतो, स्वराचा झटक्याशी संबंधही जोडतो, परंतु हे सारे कोठे घडले हे त्याच्या मनात नोंदले जात नाही. जागेची आठवण बांधण्यासाठी मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लागतो, स्वराची भीती मात्र मुख्यतः अमिग्डाला या मेंदूच्याच दुसऱ्या भागावर चालते. त्यामुळे हिप्पोकॅम्पसचे काम या वायूपुढे आधी ढेपाळते, असा अर्थ मी यातून घेतो.

म्हणूनच, शस्त्रक्रियेनंतर डोळे उघडून नीट उत्तरे देणारा रुग्ण दहा मिनिटांनी "झालं का ऑपरेशन?" असे पुन्हा विचारतो, तेव्हा मला नवल वाटत नाही, आणि घरी पाळायच्या सूचना मी त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नातेवाइकांनाही सांगतो.