गॅस भरण्यापूर्वी : उन्हाळ्यातील गाडी आणि वाचकांच्या शंका

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचे विषय ठरून गेलेले असतात. कोणाचा एसी गार करत नाही, तर कोणाचे इंजिन तापते. वाचक ही दोन दुखणी वेगळी समजतात आणि दोन वेगळ्या कारागिरांकडे जातात. परंतु गाडीच्या पुढच्या जाळीमागे आधी एसीचा कंडेन्सर (एसीने आतून आणलेली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) आणि त्याच्या पाठीला लागून इंजिनाचा रेडिएटर अशी मांडणी असते. समोरून येणारी एकच हवा दोघांना वाटून घ्यावी लागते, त्यामुळे एकाचे दुखणे दुसऱ्याच्या अंगावर येते. पुढील उत्तरे वाचताना ही मांडणी लक्षात ठेवावी.

प्रश्न : माझी गाडी सात वर्षांची आहे. महामार्गाने कागलला जाताना एसी उत्तम गार करतो, पण शहरात दाभोळकर कॉर्नरला दोन मिनिटे अडकले की कोमट हवा येऊ लागते. गॅरेजमध्ये गॅस कमी झाल्याचे सांगितले. भरून घ्यावा का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : इतक्यात भरू नये. धावताना गार आणि थांबल्यावर कोमट, हे लक्षण बहुतेक वेळा गॅसचे नसून हवेचे असते. गाडीच्या आतील उष्णता गॅस उचलून आणतो आणि कंडेन्सरमध्ये बाहेर टाकतो. गाडी पळत असताना समोरचा वारा हे काम फुकट करून देतो, परंतु सिग्नलला तो वारा बंद होतो आणि सगळी भिस्त रेडिएटरमागच्या विजेच्या पंख्यावर येते. पंखा फिरला नाही, मंद फिरला किंवा त्याच्या वाटेत कचरा असला, की कंडेन्सरमधील दाब वाढत जातो आणि शेवटी दाबाचा स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, बंद करतो.

घरच्या घरी दोन गोष्टी पाहता येतील. गाडी मोकळ्या जागेत उभी करून इंजिन आणि एसी सुरू करावा, ब्लोअर मोठा ठेवावा आणि बॉनेट उघडून पंखा मिनिटभरात सुरू होतो का ते पाहावे. हात मात्र लांब ठेवावा, कारण पंखा केव्हाही अचानक सुरू होतो आणि काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही फिरतो. पंखा फिरत नसेल तर फ्यूज, रिले आणि पंख्याची मोटर या क्रमाने तपासणी करून घ्यावी. फिरत असेल तर बादलीभर साधे पाणी मगाने पुढच्या जाळीतून हळूहळू कंडेन्सरवर सोडावे. पाणी पडताच आतली हवा चांगली गार होऊ लागली, तर कंडेन्सरला उष्णता टाकता येत नव्हती, हे जवळजवळ सिद्ध झाले.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात याचे एक खास कारण आहे. उसाला तुरा आला की त्याचा कापूस हवेत उडतो, पुढे पाचट पेटवल्याची काजळी येते, आणि सबंध हंगामभर आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे धूळ खात गाडी चालवतो. हे सगळे कंडेन्सर ओलांडून त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत अडकते. समोरून पाहिले तर जाळी स्वच्छ दिसते, पण कंडेन्सर थोडा सैल करून फटीत बॅटरीचा झोत टाकला की घोंगडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर दिसतो. तो साध्या नळाच्या पाण्याने, शक्यतो इंजिनाकडून पुढच्या दिशेने, धुवून काढावा लागतो. वॉशिंग सेंटरमधला जोराचा फवारा जवळून मारल्यास अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे पडतात आणि हवेची वाट कायमची अरुंद होते. काही गाड्यांत यासाठी पुढचा बंपर उतरवावा लागतो. ती मजुरी देण्यासारखी आहे.

प्रश्न : दरवर्षी मार्चमध्ये एसीचा गॅस भरून घेणे आवश्यक असते का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नाही. गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. रबरी होजमधून वर्षाकाठी काही ग्रॅम झिरपतात, त्यामुळे पाच-सहा वर्षांनी थोडी भर घालावी लागणे समजण्यासारखे आहे. परंतु दरवर्षी गॅस लागत असेल तर तो कोठेतरी गळतो आहे.

हा धडा मी स्वतः पैसे मोजून शिकलो. माझ्या गाडीत दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरला गेला आणि गळती कोठे आहे हे एकाही वेळी कोणी शोधले नाही. मीही विचारले नाही, हे कबूल केले पाहिजे. पुढे उद्यमनगरातील एका वयस्कर मिस्त्रींनी गॅसचा दाब मोजणारे गेज लावण्याआधी नुसता बॉनेट उघडून कंडेन्सरचा खालचा कोपरा दाखवला. तेथे रुपयाएवढा काळा, चिकट डाग होता आणि त्यावर धूळ बसलेली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरत असते. गॅस हवेत उडून जातो, पण तेल मागे राहून धूळ धरून ठेवते. त्यांनी साबणाचे पाणी लावले आणि डागाच्या मध्यावर मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. महामार्गावरील एका खड्याने केलेले ते छिद्र होते.

म्हणून गॅरेजमध्ये आधी गळती शोधण्याचा आग्रह धरावा. दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवून नळ्यांतील हवा आणि ओल काढलीच पाहिजे, कारण राहिलेली ओल एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (जेथे गॅसचा दाब उतरून तो गार होतो त्या अरुंद झडपेत) गोठते आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करते. मग गॅस वजन करून भरावा. छोट्या गाडीत तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम बसतो आणि नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेला असतो. "थोडा जास्त भरून देतो" हे औदार्य नाकारावे, कारण जास्त गॅसने दाब वाढतो आणि गारवा उलट कमी होतो. गॅसचा प्रकारही स्टिकरवरच पाहावा. बहुतेक गाड्यांत आर-१३४ए असतो, काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ येतो, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आर-१३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणून जुना गॅस मशीनमध्ये ओढून घेणारे गॅरेज निवडणे बरे.

प्रश्न : आमच्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घालण्याची पद्धत आहे आणि ट्रॅक्टरला त्याने काही होत नाही. गाडीला महाग कूलंटच कशाला हवे? (एक शेतकरी वाचक, शिरोळ तालुका)

उत्तर : ट्रॅक्टरलाही होते, फक्त उशिरा दिसते. बोअरच्या पाण्यातील क्षार तापलेल्या भागावर चुन्यासारखे बसतात. पाणी तापवण्याच्या बंबात जे पांढरे पापुद्रे आपण पाहतो, तेच रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत तयार होतात. शिवाय नुसत्या पाण्याने अॅल्युमिनियमचे हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि वॉटर पंप गंजतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात आणि तीच कालांतराने संपतात, म्हणून बाटलीतील पातळी पूर्ण दिसत असली तरी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीला कूलंट बदलावे लागते.

दुसरे कारण उकळण्याचे आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे उघड्या पातेल्यातील पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधील मुख्य द्रव) निम्मे-निम्मे घेतले तर हा बिंदू सात-आठ अंशांनी वर जातो, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे तो १२५ अंशांच्या पुढे पोहोचतो. म्हणून झाकणाचे रबर चिरलेले किंवा स्प्रिंग ढिली असेल, तर उत्तम कूलंटही लवकर उकळते. गाडी तापू लागली की लोक रेडिएटर बदलण्यापर्यंत जातात आणि हे साधे झाकण तपासायचे राहून जाते.

पाणी न मिसळता नुसते कूलंट ओतणेही चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात पाणी घालू नये, आणि घट्ट प्रकारचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर घालावे. हिरवे, लाल, निळे हा केवळ रंग आहे. रंग जुळला म्हणून प्रकार जुळतोच असे नाही, आणि न जुळणारी कूलंटे एकत्र झाली तर गाळ धरू शकतात. काढलेले जुने कूलंट गोठ्याजवळ किंवा गटारात ओतू नये. ते चवीला गोडसर असल्यामुळे कुत्री आणि जनावरे ते चाटतात, आणि ते विषारी असते.

प्रश्न : गाडी तापते म्हणून मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तापमानाचा काटा वर येत नाही. हे योग्य झाले का? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : काटा वर येत नाही, याचाच अर्थ इंजिन गरजेपेक्षा थंड चालते आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो आणि त्याआधी कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, जेणेकरून इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. तो नसला की इंधन जास्त जळते आणि इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर त्याच्या अनुपस्थितीत बरेचसे कूलंट आडवाटेने, रेडिएटरला न जाताच, फिरत राहते आणि भर उन्हात चढावर तीच गाडी पुन्हा तापते. थर्मोस्टॅट अडकला असेल तर नवा बसवावा. आणि मुळात गाडी का तापत होती, हा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

प्रश्न : मालवणहून परतताना फोंडा घाटात, पाच माणसे आणि सामान असताना, तापमानाचा काटा लाल रेषेजवळ गेला. अशा वेळी नेमके काय करावे? (एक वाचिका, मंगळवार पेठ)

उत्तर : काटा चढू लागताच एसी बंद करावा. कॉम्प्रेसरचा भार उतरतो आणि कंडेन्सरची उष्णता रेडिएटरवर येणे थांबते. त्याच वेळी काचा खाली करून हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर मोठा करावा. मे महिन्यात हा सल्ला क्रूर वाटतो, परंतु हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनाची उष्णता खेचून घेतो. मोठ्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला न लावता खालचा गिअर घ्यावा, कारण पुष्कळ गाड्यांत वॉटर पंप इंजिनाच्या वेगानेच फिरतो.

तरीही काटा लाल रेषेला टेकला, तर वळण नसलेल्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यावी. वाफ येत असेल किंवा कूलंट सांडले असेल तर इंजिन लगेच बंद करावे. झाकण मात्र किमान अर्धा-पाऊण तास उघडू नये, कारण दाब सुटताच आतील कूलंट उकळून हातातोंडावर उडते आणि गंभीर भाजते. तापलेल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये एकदम थंड पाणी ओतल्यास हेड तडकू शकते. आपल्या गाडीत काटा होता हे नशीब म्हणावे. अनेक नव्या गाड्यांत निळा आणि लाल एवढे दोनच दिवे असतात, आणि लाल दिवा लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

घरी आल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना, सकाळी कूलंटच्या बाटलीवरील दोन खुणांमधील पातळी सलग आठवडाभर पाहावी. पातळी उतरते पण खाली थेंब दिसत नाही, असे झाले तर हेड गॅसकेटचा, म्हणजे हेड आणि इंजिनाच्या ब्लॉकमधील पातळ पट्टीचा, संशय घ्यावा. इंजिनाच्या तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, म्हणजे कूलंट तेलात मिसळत असावे, तर गाडी चालवतसुद्धा गॅरेजला नेऊ नये.

प्रश्न : जोतिबाच्या चैत्र यात्रेत गाडी चार तास उन्हात उभी होती. एसी लावूनही ती वीस मिनिटे गार होईना. एसी बिघडला आहे का? (एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : बहुधा नाही. बंद गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीस अंशांहून अधिक तापू शकते आणि यातील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, म्हणून "पाच मिनिटांत आलो" म्हणत लहान मुलाला गाडीत ठेवणे जिवावर बेतू शकते. गाडीत बसण्यापूर्वी दारे उघडून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, पहिली दोन-तीन मिनिटे काचा खाली ठेवून गाडी चालवावी आणि मग काचा चढवून आतलीच हवा फिरवण्याचे बटण दाबावे. हवा गार लागते पण जोर नाही, असे असेल तर केबिन फिल्टर काढून पाहावा. तो सहसा डॅशबोर्डमधल्या ग्लव्ह बॉक्सच्या कप्प्यामागे असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो वर्षानुवर्षे कोणी उघडलेलाच नसतो.

प्रश्न : एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकते. गळती आहे का? (एक वाचक, उजळाईवाडी)

उत्तर : ते हवेतील बाष्पाचे पाणी आहे आणि ते ठिबकलेच पाहिजे. वळवाच्या पावसानंतरच्या दमट हवेत ते जास्त येईल. ठिबकणे थांबून पुढच्या सीटखालचा गालिचा ओला झाला, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे असे समजून ती मोकळी करून घ्यावी. ठिबकणारे द्रव मात्र एकदा पांढऱ्या कापडावर टिपून पाहावे. रंगीत आणि चिकट असेल तर ते कूलंट आहे.